शुक्राच्या अधिक्रमणाच्या मोहिमा आणि हुकलेले सेकंद

लंबक

शुक्राच्या अधिक्रमणाच्या मोहिमांचा विषय निघाला की पहिले नाव गियोम ल जांतीचे निघते, आणि ते बहुधा हसत हसत निघते. अकरा वर्षे घराबाहेर राहिलेला, दोन्ही अधिक्रमणे हुकलेला आणि परत आल्यावर आपण जिवंत आहोत हे सिद्ध करावे लागलेला हा फ्रेंच ज्योतिर्विद आता जवळजवळ आख्यानातले विनोदी पात्र झाला आहे. मला ही मांडणी खटकते, आणि त्याचे कारण केवळ त्याच्याविषयीची कणव हे नाही. या गोष्टीमुळे असा समज होतो की अठराव्या शतकातल्या मोहिमा ढगांमुळे आणि लढायांमुळे फसल्या, आणि ज्यांना आकाश निरभ्र मिळाले त्यांचे काम फत्ते झाले. प्रत्यक्षात ज्यांना सूर्य स्वच्छ दिसला त्यांचीही पंचाईत झालीच, आणि ती अवघ्या काही सेकंदांची होती. त्या सेकंदांविषयी लिहावे म्हणून हा धागा काढतो आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. पृथ्वी आणि सूर्य यांच्या बरोबर मधून शुक्र जातो तेव्हा तो सूर्यबिंबावरून सरकणारा काळा ठिपका म्हणून दिसतो, हेच अधिक्रमण. शुक्राची कक्षा पृथ्वीच्या कक्षेशी सुमारे ३.४ अंशांचा कोन करत असल्यामुळे बहुतेक युतींच्या वेळी शुक्र सूर्याच्या वरून किंवा खालून निसटतो, आणि पातबिंदूजवळ, म्हणजे दोन्ही कक्षांची प्रतले एकमेकांना छेदतात तिथे, युती होण्याचा योग फक्त जून किंवा डिसेंबर महिन्यात येतो. ही अधिक्रमणे आठ वर्षांच्या अंतराने जोडीने येतात आणि मग शंभरावर वर्षे येतच नाहीत. १६३१ व १६३९, १७६१ व १७६९, १८७४ व १८८२, २००४ व २०१२ अशा जोड्या होऊन गेल्या. पुढचे अधिक्रमण डिसेंबर २११७ मध्ये आहे.

१६३१ चे अधिक्रमण केप्लरने वर्तवले होते, पण त्या वेळी युरोपात रात्र होती आणि केप्लर स्वतः आदल्या वर्षीच वारला होता. १६३९ चे त्याच्या गणितातून सुटले. ते जेरेमाया हॉरॉक्स या विशीतल्या इंग्रज तरुणाने सुधारित गणिताने शोधून काढले, आणि तेही केवळ महिनाभर आधी. मच हूल या लँकेशायरमधल्या खेड्यात त्याने अंधाऱ्या खोलीत दुर्बिणीतून सूर्याची प्रतिमा कागदावर पाडली. कागदावर सुमारे सहा इंच व्यासाचे वर्तुळ आधीच आखून अंशांच्या खुणा करून ठेवल्या होत्या. ४ डिसेंबरच्या त्या रविवारी मध्येच अधिक महत्त्वाच्या कामासाठी त्याला उठून जावे लागले, आणि दुपारी सव्वातीनच्या सुमारास तो परतला तेव्हा ढग बाजूला होऊन सूर्यबिंबाच्या कडेशी शुक्राचा काळा, वाटोळा ठिपका पूर्ण आत आलेला होता. सूर्यास्ताला अर्धा तास उरला होता. तेवढ्यात त्याने तीन मापे घेतली. त्याचा मित्र विल्यम क्रॅबट्री याने मँचेस्टरजवळून काही मिनिटेच ते दृश्य पाहिले. जगात ते अधिक्रमण पाहिल्याची नोंद या दोघांचीच आहे, आणि हॉरॉक्स त्यानंतर जेमतेम तेरा महिने जगला.

मोहिमांचे खरे बीज मात्र एडमंड हॅलीने पेरले. १६७७ मध्ये सेंट हेलेना बेटावर असताना त्याने बुधाचे अधिक्रमण पाहिले आणि त्याच्या लक्षात आले की ग्रह सूर्यबिंबात पूर्ण शिरल्याचा क्षण अत्यंत काटेकोरपणे टिपता येतो. पृथ्वीवर उत्तरेला आणि दक्षिणेला दूर उभ्या असलेल्या दोन निरीक्षकांना शुक्र सूर्यबिंबावरच्या किंचित वेगळ्या रेषांवरून जाताना दिसेल, त्या रेषांची लांबी वेगळी असेल, म्हणून शुक्राला बिंब ओलांडायला लागणारा वेळही वेगळा असेल. म्हणजे सूर्याचे अंतर काढायला लागणारा जो कोन मोजणे जवळजवळ अशक्य, त्याच्याऐवजी घड्याळ पाहायचे. अंशाचा साठावा भाग म्हणजे कला आणि कलेचा साठावा भाग म्हणजे विकला. शुक्र सूर्यबिंबावरून तासाला सुमारे ४ कला सरकतो, म्हणजे १ विकला सरकायला त्याला १५ सेकंद लागतात. वेळ एका सेकंदापर्यंत अचूक मिळाली तर कोनाची चूक विकलेच्या पंधराव्या हिश्श्यावर येते. १७१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात त्याने सूर्याचे अंतर पाचशेत एक इतक्या अचूकतेने मिळेल असे आश्वासन दिले आणि हे काम पुढच्या पिढीवर सोपवले. १७६१ पर्यंत आपण जगणार नाही हे त्याला ठाऊक होते. तो १७४२ मध्ये वारला.

१७६१ उजाडले ते सप्तवार्षिक युद्धाच्या ऐन भरात. ल जांती मार्च १७६० मध्ये फ्रान्सहून निघून जुलैत ईल द फ्रान्सला, म्हणजे आजच्या मॉरिशसला, पोहोचला होता. त्याला पाँडिचेरी गाठायचे होते, कारण तिथून अधिक्रमण आरंभापासून अखेरपर्यंत दिसणार होते. मराठी वाचकांना १७६१ चा जानेवारी वेगळ्या कारणाने लक्षात असतो. पण पानिपतानंतर दोनच दिवसांनी, १६ जानेवारीला, पाँडिचेरी इंग्रजांच्या ताब्यात गेली. ही बातमी ल जांतीला मे महिन्याच्या अखेरीस मलबार किनाऱ्यावर माहेजवळ कळली. जहाज माघारी वळले आणि ६ जूनला निरभ्र आकाशाखाली, भर समुद्रात, हेलकावणाऱ्या डेकवरून त्याने अधिक्रमण पाहिले. लंबकाचे घड्याळ जहाजावर चालत नाही आणि आपण नेमक्या कोणत्या रेखांशावर आहोत हेही त्याला सांगता येत नव्हते, त्यामुळे त्या निरीक्षणाला किंमत शून्य. इकडे पाँडिचेरीच्या उत्तरेला दीडशे किलोमीटरच्या आतच, मद्रासच्या गव्हर्न्मेंट हाउसवरून, विल्यम हर्स्ट नावाचा इंग्रज धर्मोपदेशक तेच अधिक्रमण स्थिर जमिनीवरून पाहत होता.

आठ वर्षांनी पुन्हा योग येणार होता, म्हणून ल जांती हिंदी महासागरातच राहिला. मादागास्करचे नकाशे केले, मनिलापर्यंत गेला, तिथल्या स्पॅनिश गव्हर्नरला त्याचा संशय आला आणि पॅरिसच्या अकादमीनेही पाँडिचेरीलाच जा असे कळवले. मार्च १७६८ मध्ये तो तिथे पोहोचला, तेव्हा शहर फ्रेंचांना परत मिळाले होते. पडक्या किल्ल्याच्या अवशेषांवर त्याने वेधशाळा उभारली, मद्रासच्या इंग्रजांनी त्याला उत्तम दुर्बीण उसनी दिली आणि वर्षभर खपून त्याने पाँडिचेरीचा रेखांश निश्चित केला. या वेळी काहीच कच्चे ठेवायचे नव्हते. मे महिनाभर सकाळी आकाश स्वच्छ होते. ३ जूनच्या रात्री गव्हर्नर लॉ द लोरिस्तां याच्यासह त्याने गुरूचे उपग्रह पाहिले. पहाटे वारा सुटला, ढग आले, आणि सकाळी सातच्या सुमारास अधिक्रमण संपल्यावर थोड्याच वेळात सूर्य बाहेर पडला तो दिवसभर तळपत राहिला. मनिलात त्या दिवशी आकाश निरभ्र होते. पुढचा पंधरवडाभर रोजनिशी लिहायला घेतली की लेखणी हातातून गळून पडे, असे त्यानेच लिहून ठेवले आहे.

ही झाली सर्वांना ठाऊक असलेली गोष्ट. आता ताहितीकडे वळू. लेफ्टनंट जेम्स कुक याच्या 'एंडेव्हर' जहाजाने एप्रिल १७६९ मध्ये ज्योतिर्विद चार्ल्स ग्रीन याला तिथे आणले. छावणीभोवती तट बांधला होता, ३ जूनला दिवसभर ढगाचा एक पुंजकाही नव्हता आणि ऊन इतके की उष्णतामापक ११९ अंश फॅरनहाइट दाखवत होता. हॅलीने स्वप्नात पाहावा असा दिवस. तरीही कुक, ग्रीन आणि जहाजावरचा निसर्गशास्त्रज्ञ सोलँडर या तिघांनी शेजारी शेजारी उभे राहून घेतलेल्या नोंदींत कित्येक सेकंदांचा फरक पडला. कारण शुक्र सूर्यबिंबाच्या कडेपासून सुटतच नव्हता. पूर्ण आत शिरल्यावरही त्याच्या आणि कडेच्या मध्ये काळ्या रंगाचा एक अस्थिबंधासारखा धागा ताणलेला राहिला, नळाच्या तोंडाशी लोंबणारा थेंब सुटता सुटत नाही तसा, आणि मग तो नेमका कोणत्या क्षणी तुटला हे प्रत्येकाच्या डोळ्याने वेगळे ठरवले. यालाच 'ब्लॅक ड्रॉप' म्हणतात. १७६१ मध्येही अनेकांना तो दिसला होता. त्या वर्षीच्या निरीक्षणांवरून सूर्याचे लंबन, म्हणजेच पॅरलॅक्स (सूर्यावरून पाहिले तर पृथ्वीची त्रिज्या जेवढ्या कोनात दिसेल तो कोन; तो जितका लहान तितका सूर्य दूर), ८.३ पासून १०.६ विकलांपर्यंत काहीही निघाले. अंतराच्या भाषेत सांगायचे तर कुणी १५.९ कोटी किलोमीटर म्हणत होते आणि कुणी १२.४ कोटी. पाचशेत एक अचूकता कुठल्या कुठे राहिली.

म्हणून मला असे वाटते की ल जांतीला त्या सकाळी सूर्य दिसला असता, तर त्याच्या पदरात आणखी एक वादग्रस्त आकडा पडला असता, एवढेच.

---

पंचांगवाला

उत्तम धागा. 'लंबन' हा शब्द वापरलात याचा आनंद झाला, कारण तो आपल्या ज्योतिषाचा जुना पारिभाषिक शब्द आहे. सूर्यग्रहणाच्या गणितात लंबन आणि नति (लंबनाचा उत्तर-दक्षिण भाग) असे दोन संस्कार करावेच लागतात. सिद्धान्तग्रंथांत असे गृहीत धरले आहे की सर्व ग्रहांची योजनात्मक गती, म्हणजे योजनांत मोजलेला वेग, सारखीच आहे, आणि म्हणून कोणत्याही ग्रहाचे क्षितिजावरचे लंबन त्याच्या दैनंदिन गतीच्या पंधराव्या हिश्श्याइतके असते. सूर्याची दिनगती ५९ कला ८ विकला, म्हणून त्याचे लंबन सुमारे ३ कला ५६ विकला. खरे लंबन ८.८ विकला आहे, म्हणजे हा अंदाज सुमारे सत्तावीसपट मोठा. पण ग्रहणाच्या गणितात चंद्राचे आणि सूर्याचे लंबन यांतला फरक लागतो आणि त्यात चंद्राचाच वाटा मोठा असतो, त्यामुळे सूर्याच्या लंबनातली चूक बरीचशी झाकली जाते. टॉलेमीचा आकडाही तीन कलांच्या आसपासच होता, त्यामुळे आपल्यालाच नावे ठेवण्याचे कारण नाही.

आणखी एक गोष्ट नोंदवतो. पाँडिचेरीच्या त्या वर्षात ल जांती तिथल्या तमिळ पंडितांकडून ग्रहणगणित शिकला. ते पंडित कवड्या मांडून, पद्यात पाठ केलेल्या कोष्टकांवरून आकडेमोड करत. कागद नाही, लेखणी नाही. ३० ऑगस्ट १७६५ च्या चंद्रग्रहणाचा कालावधी त्यांच्या पद्धतीने काढला तेव्हा तो प्रत्यक्षापेक्षा ४१ सेकंदांनी चुकला, आणि युरोपातल्या टोबियास मायरच्या नामांकित कोष्टकांवरून काढला तेव्हा ६८ सेकंदांनी चुकला, असे ल जांतीने प्रामाणिकपणे नोंदवले आहे. एका ग्रहणावरून कुणी कुणापेक्षा श्रेष्ठ ठरत नाही हे खरे; पण ज्याला आपण दुर्दैवी म्हणून हसतो त्याने फुकट गेलेल्या वर्षात काय गोळा केले तेही धाग्यात यायला हवे होते.

---

अरुंधती_२७

लेख आवडला, तरी मुख्य निष्कर्षाशी मी सहमत नाही. तुम्ही १७६१ चे आकडे दिले आणि १७६९ चे गाळले. १७६९ च्या निरीक्षणांवरून निघालेली मूल्ये ८.४३ ते ८.८० विकला एवढ्याच पट्ट्यात होती. ऑक्सफर्डच्या टॉमस हॉर्न्सबीने १७७१ मध्ये ८.७८ विकला हे मूल्य काढले; आजचे मूल्य ८.७९४ आहे. फ्रेंच ज्योतिर्विद लालांदने त्याच सुमारास दिलेले अंतर १५ कोटी ३० लाख किलोमीटर होते, म्हणजे खऱ्या अंतरापेक्षा जेमतेम दोन-अडीच टक्क्यांनी जास्त. हॉरॉक्सने केवळ तर्काने १४ विकला धरले होते आणि त्यावरून अंतर साडेनऊ कोटी किलोमीटरच्या आत येत होते. सव्वाशे वर्षांत ही मजल कमी आहे का? एकेका निरीक्षकाचे सेकंद हुकले असतील, पण सत्तराहून अधिक ठिकाणांची निरीक्षणे एकत्र केली की चुका एकमेकींना खातात, हे या मोहिमांनी दाखवून दिले. 'आणखी एक वादग्रस्त आकडा' हे वाक्य मला अन्यायाचे वाटते.

---

लंबक

पंचांगवाला, कवड्यांची नोंद मी लांबीच्या भीतीने गाळली होती. तुम्ही ती योग्य जागी आणलीत. धन्यवाद.

अरुंधती, १७६९ चा पट्टा गाळला ही माझी चूक. तुमचे म्हणणे निम्मे मान्य करतो. हॉर्न्सबीचे उत्तर बरोबर निघाले हे आज आपल्याला ठाऊक आहे. त्या काळी ते कुणाला ठाऊक असण्याचा मार्ग नव्हता. १८२० च्या दशकात जर्मन ज्योतिर्विद योहान एन्के याने हीच सगळी निरीक्षणे नव्या गणिती पद्धतीने पुन्हा तपासली आणि पुढे सुधारून ८.५७ विकला हे मूल्य दिले. पद्धत अधिक शास्त्रशुद्ध आणि उत्तर हॉर्न्सबीपेक्षा वाईट. तेच मूल्य पुढे कित्येक वर्षे प्रमाण मानले गेले, आणि चंद्राच्या व मंगळाच्या गतीवरून वेगळे आकडे येऊ लागले तेव्हा कुठे त्याच्यावर शंका घेतली गेली. म्हणजे त्याच नोंदींतून कोणते सेकंद घ्यायचे आणि कोणते टाकायचे यावर उत्तर ठरत होते. एखाद्याने 'धागा तुटला' तो क्षण लिहिला, दुसऱ्याने 'दोन वर्तुळे नुसती टेकली' तो क्षण लिहिला, आणि शंभर वर्षांनी खोलीत बसून त्या शब्दांचा अर्थ लावणाऱ्याला दोन्ही क्षणांत अर्ध्या मिनिटाचा फरक दिसे. 'अन्याय' हा शब्द मात्र घेतो. सगळ्यांच्या नोंदी नसत्या तर एन्केलाही काही करता आले नसते.

---

दर्यावर्दी

मी व्यापारी जहाजांवर नोकरी केली असल्यामुळे मला या गोष्टींतला सागरी भाग अधिक जवळचा वाटतो. चार्ल्स मेसन आणि जेरेमाया डिक्सन यांना सुमात्राच्या बेंकुलेनला जायचे होते. जानेवारी १७६१ मध्ये 'सीहॉर्स' हे त्यांचे जहाज बंदर सोडून बाहेर पडते न पडते तोच फ्रेंच फ्रिगेटने गाठले. ११ जण ठार आणि ३७ जखमी झाले. जहाज डागडुजीसाठी माघारी आल्यावर दोघांनी रॉयल सोसायटीला कळवले की आम्ही आता जात नाही. सोसायटीने उलट टपाली खटल्याची धमकी दिली, तेव्हा ते निघाले. पण वाटेत फार दिवस गेल्यामुळे त्यांनी केप ऑफ गुड होपलाच तळ ठोकला आणि तिथून दक्षिण गोलार्धातले उत्तम निरीक्षण मिळवले. पुढे अमेरिकेत ज्यांच्या नावाची सीमारेषा आखली गेली तेच हे दोघे. याच वेळी सेंट हेलेनाला गेलेल्या नेव्हिल मॅस्कलाइनला ढगांनी काही पाहू दिले नाही.

ताहितीची एक गोष्ट मूळ लेखात यायला हवी होती. मे महिन्याच्या सुरुवातीला छावणीतून क्वाड्रंट चोरीला गेला. ते पितळी यंत्र पेटीत बंद करून तंबूत ठेवले होते, बाहेर पहारा होता, तरीही पेटीसह गेले. ग्रीन आणि मोहिमेतला निसर्गशास्त्रज्ञ जोसेफ बँक्स उन्हातून कित्येक मैल डोंगराकडे चालत गेले आणि लोकांशी बोलून, समजावून ते सुट्या भागांसह परत मिळवले. वाकलेले भाग दुरुस्त करावे लागले. ते मिळाले नसते तर सूर्याची उंची मोजून घड्याळ लावता आले नसते, आणि घड्याळ लागले नसते तर तो निरभ्र दिवस ल जांतीच्या डेकसारखाच वाया गेला असता. ग्रीन मात्र परतीच्या वाटेवर, बटाव्हियाहून निघाल्यावर, जहाजावरच वारला. कॅलिफोर्नियातल्या सान होसे देल काबो इथे गेलेल्या शाप दोत्रोश या फ्रेंच ज्योतिर्विदाला निरीक्षण छान मिळाले, पण तिथे साथ चालू होती. १ ऑगस्ट १७६९ ला तो गेला. याच शापने १७६१ मध्ये बर्फ वितळायच्या आत घसरगाड्यांनी सैबेरियातले तोबोल्स्क गाठले होते, आणि इर्तिश नदीला आलेला पूर या परक्या माणसाने सूर्याशी काहीतरी केल्यामुळे आला असे वाटून लोक चिडले, तेव्हा त्याला पहाऱ्यात काम करावे लागले होते.

---

विजयदुर्गकर

विषय परदेशी मोहिमांचा चालला आहे म्हणून विचारतो. आमच्या विजयदुर्ग किल्ल्यावर 'साहेबाचे ओटे' आहेत. लहानपणापासून ऐकत आलो आहे की नॉर्मन लॉकियर साहेबाने १८६८ मध्ये त्या ओट्यांवर दुर्बीण ठेवून हेलियमचा शोध लावला. त्याचा या अधिक्रमणाच्या मोहिमांशी काही संबंध आहे का?

---

लंबक

थेट संबंध नाही. ती मोहीम सूर्यग्रहणाची होती. पण ग्रहणाच्या आणि अधिक्रमणाच्या मोहिमा एकाच घडणीच्या. तीच माणसे, त्याच संस्था, तसेच तात्पुरते ओटे आणि तंबू. तुमच्या ओट्यांविषयी मात्र एक दुरुस्ती सुचवतो, आणि रागावू नका. १८ ऑगस्ट १८६८ च्या ग्रहणाच्या वेळी लॉकियर इंग्लंडमध्ये होता. त्या ग्रहणात फ्रान्सच्या झान्सेनने गुंटूरहून सूर्याच्या ज्वालांचा वर्णपट पाहिला, आणि लॉकियरने ऑक्टोबरमध्ये इंग्लंडहूनच, ग्रहणाशिवाय, त्या ज्वालांचा वर्णपट मिळवला. लॉकियर विजयदुर्गला आला तो २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी. ओटे खरे आहेत, साहेबही खरा आहे, फक्त साल तीस वर्षांनी मागे सरकले आहे. त्याच ग्रहणासाठी पुण्याचे कावसजी दादाभाई नायगमवाला सोलापूरकडच्या जेऊर इथे तळ देऊन होते आणि अमेरिकेच्या लिक वेधशाळेची तुकडीही तिथे आली होती, हे फारसे कुणी सांगत नाही.

आणि गुंटूरचा हाच झान्सेन १८७४ च्या अधिक्रमणासाठी जपानात नागासाकीला गेला होता, त्यामुळे गाडी आपोआप रुळावर येते.

---

अरुंधती_२७

१८७४ चा विषय निघालाच आहे तर विचारते. तोवर छायाचित्रण आले होते. मग डोळ्याच्या सेकंदांवर अवलंबून राहण्याची गरजच काय उरली?

---

लंबक

सगळ्यांना तसेच वाटले होते, आणि तिथेच सर्वांत मोठा भ्रमनिरास झाला. झान्सेनने त्यासाठी छायाचित्रांचे 'रिव्हॉल्व्हर' बनवले. फिरत्या तबकडीवर ७२ सेकंदांत ४८ चित्रे उमटत, म्हणजे शुक्र कडेला टेकल्याचा क्षण कुणाच्या डोळ्यावर न सोडता चित्रांच्या ओळीतून निवडता यावा. सिनेमाच्या यंत्राच्या पूर्वजांत या रिव्हॉल्व्हरची गणना होते. ब्रिटनच्या जॉर्ज एअरीने हवाई, इजिप्त, रॉड्रिग्ज, कर्गेलेन आणि न्यूझीलंड अशा पाच ठिकाणी तुकड्या पाठवल्या आणि निघण्यापूर्वी त्यांच्याकडून ग्रिनिचला कृत्रिम अधिक्रमणावर तालीम करून घेतली. एका यंत्रावर काळी चकती प्रकाशित बिंबाच्या कडेवरून सरकवायची आणि निरीक्षकाने क्षण सांगायचा, असा तो सराव होता. अमेरिकेने आठ तुकड्या पाठवल्या. एवढे करूनही चित्रांत सूर्याची कड मोठी करून पाहिली की ती पसरट, धूसर दिसे. मोजपट्टीचा काटा कड म्हणून नेमका कुठे टेकवायचा, हा प्रश्न दुर्बिणीतून सुटून टेबलावर येऊन बसला. ब्रिटिशांची छायाचित्रे जवळजवळ निरुपयोगी ठरली.

९ डिसेंबर १८७४ चे ते अधिक्रमण भारतातून दिसले. रुडकीला कर्नल टेनंट, मद्रासला नॉर्मन पॉगसन, विशाखापट्टणला स्वतःच्या खासगी वेधशाळेतून अंकितम वेंकट नरसिंगराव, आणि बंगालमध्ये मुद्दापूरला इटलीचा ताक्किनी व कलकत्त्याचे फादर लाफों. मद्रास वेधशाळेचे चिंतामणी रघुनाथाचार्य यांनी लोकांना हा प्रकार समजावा म्हणून इंग्रजीबरोबर भारतीय भाषांतूनही पुस्तिका काढली. ओडिशाच्या खंडपडा संस्थानात सामंत चंद्रशेखर यांनी घरी बनवलेल्या साधनांनी आकाशाचे वेध घेत आयुष्य काढले. हे अधिक्रमणही त्यांनी पाहिले आणि आपल्या 'सिद्धान्तदर्पण' या संस्कृत ग्रंथात नोंदवले. त्या नोंदीमागे ना सरकारी खर्च होता, ना जहाज.

१८८२ पर्यंत जाणकारांचा या मार्गावरचा विश्वास उडत चालला होता. डेव्हिड गिलने १८७७ मध्ये असेन्शन बेटावरून मंगळाचे वेध घेऊन ८.७८ विकला मिळवले होते. पुढे त्याने तेच लघुग्रहांवर केले. लघुग्रह ताऱ्यासारखा बिंदूच दिसतो, त्याला कडच नसते, त्यामुळे थेंबही नाही आणि धागाही नाही. १९६१ मध्ये रडारचे तरंग शुक्रावर आपटून परत आले आणि अंतराचा प्रश्न संपला. गंमत एवढीच की त्यातही मोजायचा होता तो वेळच.

---

सोलापुरी_आकाश

माझा छोटासा अनुभव जोडतो. ६ जून २०१२ ला आपल्याकडे सूर्य उगवला तोच शुक्राचा ठिपका घेऊन, आणि दहा वाजून गेल्यावर तो दुसऱ्या कडेने बाहेर पडला. आम्ही चौघे मित्र गच्चीवर ६० मिलिमीटरच्या दुर्बिणीतून जुन्या ड्रॉइंग बोर्डावर प्रतिमा पाडून बसलो होतो. ढग येऊन जाऊन होते. मी हॅलीविषयी वाचलेले असल्यामुळे प्रत्येकाला वेगळा मोबाइल दिला आणि सांगितले की शुक्र आतून कडेला टेकला असे वाटेल त्या क्षणी न बोलता बटण दाबा. त्या क्षणी ढग नव्हता. चौघांच्या वेळा नंतर जुळवून पाहिल्या, तर पहिल्याच्या आणि शेवटच्याच्या मध्ये २३ सेकंद होते. ज्याने सर्वांत उशिरा दाबले तो अजूनही म्हणतो की तुम्ही तिघांनी घाई केली. कागदावर शुक्र आणि कड यांच्यामध्ये चिमटीएवढी काळी सावली दिसली होती, ती मात्र चौघांनाही मान्य आहे. प्रश्न असा की हा थेंब शुक्राच्या वातावरणामुळे दिसतो ना?

---

लंबक

फार काळ तसेच मानले जात होते, पण ते कारण नाही. १९९९ मध्ये 'ट्रेस' या उपग्रहाने बुधाच्या अधिक्रमणाची चित्रे घेतली. बुधाला नावाला म्हणण्याइतकेही वातावरण नाही आणि उपग्रह आपल्या हवेच्या बाहेर, तरीही थेंब दिसला. दुर्बीण कोणत्याही बिंदूला थोडे पसरवतेच, आणि सूर्यबिंब कडेकडे झपाट्याने मंद होत जाते. या दोन्ही गोष्टी मिळून तो थेंब तयार होतो. दुर्बीण लहान असेल तर तो मोठा दिसतो. तर्जनी आणि अंगठा दिव्यासमोर हळूहळू जवळ आणून पाहा, टेकायच्या आधीच मध्ये काळा पूल दिसतो. तोही असाच धूसर कडांचा खेळ आहे. शुक्राच्या वातावरणाची खूण वेगळी. १७६१ मध्ये सेंट पीटर्सबर्गला लोमोनोसोव्हने शुक्राच्या कडेला जी तेजस्वी रेघ पाहिली, तिच्यावरून त्याने शुक्राला वातावरण आहे असे अनुमान काढले. अनुमान बरोबर होते.

तुमचे २३ सेकंद वाचून मला कुक आणि ग्रीन आठवले. त्या उशिराच्या मित्राला माझा नमस्कार सांगा.

---

पंचांगवाला

सेकंदांवरून कुणावर खोटेपणाचा आळ आला होता, अशी काहीतरी गोष्ट ऐकल्याची आठवण आहे. ती याच मोहिमांतली का?

---

लंबक

होय, मॅक्सिमिलियन हेलची. व्हिएन्नाचा हा जेझुइट ज्योतिर्विद डेन्मार्क-नॉर्वेच्या राजाच्या निमंत्रणावरून १७६९ मध्ये नॉर्वेच्या उत्तर टोकाच्या वार्डो बेटावर गेला. जूनमध्ये तिथे सूर्य मावळत नाही, त्यामुळे मध्यरात्रीच्या सुमारास संपूर्ण अधिक्रमण पाहायला मिळते. ढगांतून वेळेवर सूर्य निघाला आणि त्याला शिरतानाचे व सुटतानाचे दोन्ही क्षण मिळाले. उत्तरेकडून मिळालेल्या मोजक्या पूर्ण निरीक्षणांपैकी हे एक, म्हणून त्याचे मोल मोठे. पण लालांद आकडे मागत असताना हेलने ते लगेच दिले नाहीत. कोपनहेगनला परतून पुढच्या वर्षी अहवालातच छापले. तेवढ्यावरून कुजबुज सुरू झाली की इतरांचे आकडे पाहून याने आपले जुळवून घेतले असणार.

१८३५ मध्ये व्हिएन्ना वेधशाळेचा कार्ल लिट्रोव्ह याने हेलची मूळ वही काढून जाहीर केले की नेमक्या निर्णायक ठिकाणी आकडे खरवडून वेगळ्या रंगाच्या शाईने पुन्हा लिहिले आहेत. तो शेरा जवळजवळ पन्नास वर्षे हेलच्या नावाला चिकटून राहिला. १८८३ मध्ये अमेरिकेचा सायमन न्यूकम व्हिएन्नाला गेला असताना त्याने ती वही मागून घेतली आणि भिंगाखाली एकेक आकडा तपासला. शाई एकाच रंगाची होती. काही ठिकाणी ती लिहिता लिहिता जास्त उतरली होती, काही ठिकाणी हेलने त्याच बैठकीत ओल्या शाईवरच बोट फिरवून आकडा दुरुस्त केला होता, आणि त्यातले बरेच बदल वार्डोलाच, कुणाचेही आकडे कळायच्या आत झालेले होते. न्यूकमला प्रश्न पडला की लिट्रोव्हसारख्या माणसाला एवढी साधी गोष्ट दिसू नये कशी, म्हणून त्याने तिथल्या लोकांकडे त्याच्या दृष्टीविषयी चौकशी केली. लिट्रोव्ह रंगांध होता. तांबड्या रोहिणीचा रंग आणि एखाद्या पांढऱ्याशुभ्र ताऱ्याचा रंग यांतला फरक त्याला कळत नसे.